केबल ट्रेचे सपोर्ट: कारखान्याच्या शेडमधलं नियोजन आणि बसवणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या शेडचं इलेक्ट्रिकल काम निघालं की ट्रान्सफॉर्मर, पॅनेल, केबल यांवर महिनोन्महिने बैठका होतात. केबल ज्यावरून नेतात तो ट्रे कोणत्या कंपनीचा घ्यायचा हेही ठरतं. तो ट्रे टेकणार कशावर, याचं उत्तर मात्र बहुतेक वेळा ‘साइटवर बघू’ असंच मिळतं. सपोर्टचं काम थेट इमारतीच्या सांगाड्याशी जोडलेलं असतं, म्हणून वजन, अंतर, फास्टनर (भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये बसवायचा बोल्ट) आणि गंज या गोष्टी कागदावर ठरल्याशिवाय ट्रेची ऑर्डर देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, तळोजा अशा एमआयडीसींमध्ये उभ्या राहणाऱ्या प्री-इंजिनिअर्ड शेड, म्हणजे तयार पोलादी भाग आणून साइटवर जोडलेल्या पीईबी, डोळ्यांपुढे ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत.

सपोर्टचा विचार कधी सुरू करायचा?

पीईबीचं डिझाइन पक्कं होण्याआधी. शेडच्या राफ्टरवर, म्हणजे छत पेलणाऱ्या मुख्य बीमवर, पत्रा आणि वारा यांच्याखेरीज दिवे, डक्ट, स्प्रिंकलर, ट्रे यांचं वजन किती येणार, हा आकडा पीईबी कंपनी सुरुवातीलाच मागते. त्याला कोलॅटरल लोड म्हणतात. बरेचदा मालकाच्या बाजूने कुणीतरी जुन्या प्रोजेक्टचा आकडा उचलून देतो आणि विषय तिथेच संपतो. हा आकडा चौरस मीटरवर सारखा पसरलेला धरतात. ट्रेचं वजन तसं पसरत नाही, ते एका रेषेत येतं. म्हणून स्ट्रक्चरल कन्सल्टंटला ‘अमुक ग्रिडवरून अमुक उंचीवर ट्रेची रांग जाणार, मीटरला इतके किलो’ असं ड्रॉइंगवर रेघ मारून द्या. त्या टप्प्यावर राफ्टर थोडा जाड करायला फारसा खर्च येत नाही. शेड उभी राहिल्यावर तेच काम फार महागात पडतं.

त्याच ड्रॉइंगवर डक्ट, स्प्रिंकलरचा पाइप आणि ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर चालणारी विजेची क्रेन) एकत्र बघून घ्या. क्रेनच्या ट्रॉलीचा सर्वांत वरचा भाग कुठून जातो आणि तिच्या विजेच्या बसबारची बाजू कोणती, हे न बघता काढलेला ट्रेचा मार्ग हमखास बदलावा लागतो.

ट्रेवर वजन किती येणार, हे कसं काढायचं?

केबल शेड्यूल घ्या, त्या रांगेतून जाणाऱ्या प्रत्येक केबलचं मीटरला वजन कंपनीच्या कॅटलॉगमधून लिहा आणि बेरीज करा. पुढच्या वाढीसाठी निदान चौथा हिस्सा धरा. त्यात ट्रेचं स्वतःचं वजन मिळवा.

उदाहरणार्थ, ६०० मिमी रुंद ट्रेत आज मीटरला ४८ किलो केबल आहे. वाढीसह ६० किलो झाले. ट्रेचे १० किलो धरले की मीटरला ७० किलो. सपोर्ट दीड मीटरवर असतील तर प्रत्येक सपोर्टवर १०५ किलो. एकावर एक तीन ट्रे असतील तर ३१५ किलो, आणि दोन रॉडवर टांगलेलं असेल तर एका रॉडवर साधारण १५८ किलो. एवढा हिशेब पाठकोऱ्या कागदावर होतो. तरीही तो न करता रॉडची जाडी ठरवलेली कामं आम्ही सारखी बघतो.

उघड्यावरच्या पाइप रॅकवर ट्रे जाणार असेल तर वाऱ्याचा भारही धरावा लागतो, त्यासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे. झाकण लावलेला ट्रे वारा जास्त घेतो, आणि झाकण नीट आवळलेलं नसेल तर वादळात आधी तेच उडतं.

दोन सपोर्टमध्ये अंतर किती ठेवायचं?

‘दीड मीटर’ हे ठरलेलं उत्तर आहे आणि साध्या परफोरेटेड, म्हणजे भोकं पाडलेल्या पत्र्याच्या, ट्रेसाठी ते बहुधा चालूनही जातं. पण अंतर ट्रेच्या कॅटलॉगमधल्या लोड-स्पॅन तक्त्यावरूनच (स्पॅन म्हणजे दोन सपोर्टमधलं अंतर) घ्यायला हवं. आयईसी ६१५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेल्या ट्रेचा ‘सेफ वर्किंग लोड’ दिलेला असतो. त्या भाराखाली ट्रे स्पॅनच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त वाकता कामा नये आणि त्याच्या १.७ पट भार घालूनही कोसळता कामा नये, अशी अट आहे. नेमा व्हीई १ या अमेरिकन मानकात ‘१२सी’, ‘२०सी’ असे वर्ग असतात. त्यातला आकडा फुटांतला स्पॅन सांगतो आणि सी म्हणजे फुटाला १०० पाउंड, म्हणजे मीटरला सुमारे १४९ किलो. कॅटलॉगमध्ये असा तक्ताच नसेल तर त्या ट्रेची चाचणी झाली आहे का, हे लेखी विचारा.

अंतर वाढवायचा मोह होतो तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. मीटरला वजन तेच असेल तर ट्रेचं वाकणं स्पॅनच्या चौथ्या घाताने वाढतं. दीड मीटरचे दोन मीटर केले की वाकणं तिपटीहून जास्त होतं, तीन मीटर केले की सोळापट. चार सपोर्ट वाचवले म्हणून खूश झालेल्या ठेकेदाराला हे गणित काम सुरू होण्याआधीच दाखवलेलं बरं.

कॉलम साडेसात मीटरवर आहेत. मधल्या जागेत सपोर्ट कशाला द्यायचा?

पीईबीमध्ये सगळ्यांत जास्त अडतं ते इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. भिंतीच्या कडेने ट्रे न्यायचा असतो. खाली वीट किंवा ब्लॉकची भिंत तीन मीटरपर्यंत, वर नुसता पत्रा. पत्र्याला काही टांगता येत नाही आणि त्यामागच्या गर्ट, म्हणजे पत्रा धरणाऱ्या आडव्या पट्ट्या, वाऱ्यासाठी असतात. मग एका कॉलमपासून दुसऱ्यापर्यंत चॅनेल टाकून त्यावर ब्रॅकेट बसवायचे, हा सरळ मार्ग.

कोणतं चॅनेल? बहुतेक जण बोट ठेवतात ते आयएसएमसी १०० वर, म्हणजे भारतीय मानकाच्या १०० मिमी उंच पोलादी चॅनेलवर. वरच्या उदाहरणातला मीटरला ७० किलोचा भार एकाच आयएसएमसी १०० वर घातला, तर साडेसात मीटरच्या स्पॅनमध्ये ते स्वतःच्या वजनासह मधोमध ८५ मिमीच्या आसपास खाली येतं. खालून उभं राहून नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका तो झोळ असतो. त्याच जागी आयएसएमसी १५० घातलं तर वाकणं २३ मिमीवर येतं. उंची फक्त दीडपट झाली, पण कडकपणा चौपट. शिवाय ब्रॅकेट चॅनेलच्या एकाच बाजूला असल्याने चॅनेल पिळवटतं, म्हणून अंतिम आकार आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या मानकाप्रमाणे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. आमचे आकडे फक्त अंदाज येण्यासाठी आहेत.

दुसरा मार्ग म्हणजे लांब स्पॅनचा, शिडीसारखा लॅडर ट्रे. ‘२०सी’ वर्गाचा लॅडर ट्रे सहा मीटरपर्यंत मधल्या आधाराशिवाय जातो. ट्रे महाग पडतो, पण सपोर्टचं लोखंड, फॅब्रिकेशन आणि उंचीवरची मजुरी वाचते. कॉलम सहा मीटरवर असतील तर दोन्ही मार्गांचे आकडे शेजारी मांडून बघाच.

पर्लिनला रॉड टांगला तर चालेल का?

विचारल्याशिवाय अजिबात नाही. पर्लिन म्हणजे साधारण दोन मिमी पत्र्याची वाकवलेली झेड किंवा सी पट्टी. ती छताचा पत्रा आणि वारा यांच्या हिशेबाने बनवलेली असते. तिच्या खालच्या ओठाला क्लॅम्प लावून वजन टांगलं की ओठ उघडतो आणि पर्लिन पिळते. एकटा दिवा किंवा कंड्युइट टांगणं वेगळं, भरलेला पॉवर ट्रे टांगणं वेगळं.

पीईबी कंपनीची लेखी परवानगी असेल तर पर्लिनच्या उभ्या भागाला बोल्ट करून हलका भार देता येतो. त्याहून जड असेल तर भार राफ्टरवरच न्या. राफ्टरच्या फ्लँजला बीम क्लॅम्प लावा. राफ्टरला वेल्डिंग करणं किंवा फ्लँजमध्ये होल मारणं टाळा. उभ्या असलेल्या, भार पेलणाऱ्या सांगाड्यात अशी ढवळाढवळ केली की कंपनी हमीतून मोकळी होते, आणि तिला दोषही देता येत नाही.

भिंतीवर कॅन्टिलिव्हर ब्रॅकेट लावायचा आहे. फास्टनर केवढा घ्यायचा?

वजन बघून फास्टनर निवडला की इथेच घात होतो, कारण ब्रॅकेट फास्टनरला नुसता खाली दाबत नाही, भिंतीतून बाहेर ओढतो. आपलंच उदाहरण घ्या. ब्रॅकेटवर १०५ किलो. ट्रेचा मध्य भिंतीपासून ३५० मिमीवर. ब्रॅकेटचे दोन बोल्ट एकाखाली एक, १०० मिमी अंतरावर. वरच्या बोल्टवरची ओढ झाली १०५ गुणिले ३५० भागिले १००, म्हणजे सुमारे ३६८ किलो. प्रत्यक्ष वजनाच्या साडेतीनपट! केबल ओढताना त्या ट्रेच्या बाहेरच्या कडेला साचल्या तर ओढ आणखी वाढते. बोल्टमधलं उभं अंतर १०० ऐवजी २०० केलं की ती निम्मी होते. म्हणून मोठ्या फास्टनरच्या आधी ब्रॅकेटची पाठपट्टी लांब करा.

पोकळ ब्लॉकच्या किंवा एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र, ब्लॉकच्या भिंतीत साधा एक्स्पान्शन फास्टनर धरत नाही. तिथे भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागे प्लेट, किंवा त्या ब्लॉकसाठीच बनवलेला केमिकल अँकर (होलमध्ये रसायनाने चिकटवलेला बोल्ट) वापरा. आमची पसंती मात्र भिंत सोडून आरसीसी कॉलम-बीमवर जाण्याला आहे.

फास्टनर बसवताना काय सांभाळायचं?

होलची खोली आणि होलमधली धूळ. धूळ ब्रशने आणि फुंकणीने काढायला अर्धं मिनिट लागतं. विशेषतः केमिकल अँकर धुळीला चिकटून बसला तर हाताने ओढला तरी बाहेर येतो. काँक्रीटच्या कडेला फार जवळ होल घेतलं तर कोपरा फुटतो, त्यामुळे कंपनीने दिलेलं कडेपासूनचं अंतर पाळा. नट टॉर्क रेंचने आवळा. पान्याला पाइप लावून आवळू नका. प्रत्येक ठिकाणच्या काँक्रीटमध्ये काही फास्टनर कामाच्या भाराच्या दीडपट ओढून बघा आणि त्याची नोंद ठेवा.

स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला, असेल तर स्कॅन केल्याशिवाय ड्रिल लावूच नका. ताणलेली केबल कापली गेली तर जीवावर बेतू शकतं.

ट्रेचा जोड आणि बेंड यांचा सपोर्टशी काय संबंध?

मोठा संबंध आहे. ट्रे सलग अनेक सपोर्टवरून जातो तेव्हा सर्वांत जास्त ताण सपोर्टच्या डोक्यावर आणि स्पॅनच्या मधोमध येतो. जोड या दोन्ही जागा सोडून, सपोर्टपासून स्पॅनच्या साधारण पाव अंतरावर पडला पाहिजे. अडीच मीटर लांबीचे ट्रे आणि दीड मीटरवर सपोर्ट असं असेल तर जोड कुठेही पडतात, म्हणून ट्रेची लांबी आणि सपोर्टचं अंतर एकत्र ठरवा. रांगेच्या टोकाच्या स्पॅनमध्ये जोड नकोच.

बेंड (वळण), टी (फाटा), रिड्युसर (रुंदी कमी करणारा तुकडा) यांना त्यांच्या टोकापासून ६०० मिमीच्या आत स्वतंत्र सपोर्ट द्या. केबल ओढताना बेंडवर आडवा जोर येतो आणि तिथला ट्रे नुसत्या कपलरवर, म्हणजे दोन ट्रे जोडणाऱ्या पट्टीवर, लोंबकळत असेल तर कपलर वाकतो. बेंडचा घेरही (वळणाची त्रिज्या) केबलवर ठरतो. १.१ केव्हीच्या मल्टिकोअर केबलला तिच्या व्यासाच्या १२ पट घेर लागतो, म्हणजे ६० मिमी जाड केबलला ७२० मिमी. ३०० मिमी घेराचा बेंड आणून त्यात ती कोंबली की इन्सुलेशनवर ताण येतो आणि तो केबलचं आयुष्य संपेपर्यंत राहतो.

कपलरचे बोल्ट घालताना गोल डोकं आत आणि नट बाहेर. हे उलटं झालेल्या ट्रेमध्ये केबल ओढली की बोल्टचं टोक तिचं शीथ, म्हणजे बाहेरचं आवरण, लांबलचक चिरत जातं.

अँगल-चॅनेल वेल्ड करून बनवावं की तयार स्लॉटेड चॅनेल घ्यावं?

जड भार, मोठा स्पॅन, रसायनांचा कारखाना असेल तर आयएसएमसी आणि अँगलचं फॅब्रिकेशन. हलके ते मध्यम ट्रे, आणि मार्ग बदलण्याची शक्यता असेल तर ४१ × ४१ मिमीचं स्लॉटेड चॅनेल आणि स्प्रिंग नट. स्लॉटेडमध्ये वेल्डिंग नाही, उंची पान्याने बदलता येते आणि उंचीवर आगीचं काम टळतं. स्प्रिंग नटचे दात चॅनेलच्या ओठावर नीट बसले आहेत का, ते मात्र बघावं लागतं. नट तिरका बसला तर आवळल्यावर घट्ट वाटतो आणि भार आला की घसरतो.

गंजासाठी काय करायचं?

कोरड्या असेंब्ली शेडमध्ये प्री-गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याचं, चालतं. त्यावर जस्त असतं साधारण २० मायक्रॉन. रोहे, महाड, लोटे, तारापूर, तळोजा इथला दमट खारा वारा आणि रसायनांची वाफ यांच्यापुढे ते टिकत नाही. तिथे हॉट डिप गॅल्व्हनाइझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढणं, हवं. तीन ते सहा मिमी जाडीच्या पोलादावर सरासरी ७० मायक्रॉन, त्याहून जाड असेल तर ८५. माल साइटवर उतरला की एल्कोमीटर (थराची जाडी मोजणारं यंत्र) लावून मोजा. आम्लाची वाफ कायम असेल अशा जागी जस्तही विरघळतं. तिथे एफआरपीचा (फायबरने मजबूत केलेलं प्लॅस्टिक) किंवा स्टेनलेस ३१६ चा विचार करा.

होल मारणं, वेल्डिंग, कापणं हे सगळं गॅल्व्हनाइझिंगच्या आधी झालं पाहिजे. बंद बॉक्स सेक्शन असेल तर त्याला हवा निघायला होल ठेवा, नाहीतर तो तप्त जस्ताच्या टाकीत फुटतो. साइटवर कापलेली कड झिंक-रिच पेंटने त्याच दिवशी रंगवा. गॅल्व्हनाइज्ड लोखंडावर वेल्डिंग करण्याची वेळ आलीच तर जस्त आधी घासून काढा. त्याच्या धुराने वेल्डरला थंडी-ताप भरतो.

टांगलेला ट्रे हलतो. ते धोक्याचं आहे का?

हो. लांब रॉडवर टांगलेला ट्रॅपीझ, म्हणजे दोन रॉडमधला आडवा आधार, केबल ओढताना झोके घेतो आणि रॉड वरच्या नटापाशी वाकतो. एम १० रॉड सरळ ओढीला भक्कम असतो, त्याला यील्ड यायला, म्हणजे तो कायमचा ताणला जायला, चौदाशे किलोच्या आसपास भार लागतो. वाकणं मात्र त्याला सोसत नाही. ठरावीक अंतरावर आणि प्रत्येक वळणापाशी अँगलचा तिरका ब्रेस द्या, आडव्या आणि लांबीच्या दोन्ही दिशांनी. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप महाराष्ट्रातच झाला. भूकंपात पंप, फायर अलार्म, आणीबाणीचे दिवे चालू राहावेत असं वाटत असेल तर त्यांच्या केबलचा ट्रे जागेवर राहायला हवा. ब्रेसला लागणारं लोखंड एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतं.

उभ्या ट्रेला वेगळं काही लागतं का?

केबलचं सगळं वजन खाली ओढत असतं. लॅडर ट्रेच घ्या, केबल साधारण दर मीटरवर क्लॅम्प करा आणि ट्रेचं वजन प्रत्येक मजल्यावर स्लॅबला किंवा बीमला उतरवा. प्लॅस्टिकच्या टायवर उभी केबल सोडू नका.

उन्हाळ्यात ट्रेची लांबी वाढते म्हणतात. किती?

हिवाळ्यातली पहाट १० अंश आणि मे महिन्यात पत्र्याखाली ५० अंश, असा ४० अंशांचा फरक धरला तर ३० मीटर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) ट्रे सुमारे १४ मिमी वाढतो, ॲल्युमिनियमचा जवळपास दुप्पट, २८ मिमी. लांब सरळ रांगेत एक्स्पान्शन कपलर द्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ६०० मिमीच्या आत सपोर्ट. रांगेच्या मधल्या सपोर्टला ट्रे घट्ट बांधा, बाकी ठिकाणी तो सरकू शकेल असे क्लॅम्प लावा. इमारतीचा एक्स्पान्शन जॉइंट ओलांडताना ट्रेही तिथेच तोडा.

पत्र्याखालच्या उष्णतेचा दुसरा परिणाम केबलच्या वीज वाहण्याच्या क्षमतेवर होतो. ४० अंशांसाठी दिलेली एक्सएलपीई इन्सुलेशनच्या केबलची क्षमता ५० अंशांत साधारण ९० टक्क्यांवर येते. ट्रे पत्र्यापासून जरा खाली घेतला तर फायदाच होतो.

अर्थिंग सपोर्टमधून आपोआप होतं ना?

त्यावर विसंबू नका. आयईसी ६१५३७ प्रमाणे विजेची सलगता जाहीर केलेल्या ट्रेच्या जोडावर रोध ५० मिलिओहमपेक्षा जास्त नसावा. रंगवलेल्या पृष्ठभागावर किंवा गंजलेल्या बोल्टवर तो तसा राहत नाही. ट्रेच्या कडेने जीआय पट्टी न्या, ती ठरावीक अंतरावर ट्रेला आणि मुख्य अर्थिंगला जोडा, आणि एक्स्पान्शन कपलरवर लवचीक जंपर द्या.

सिंगल कोअर केबल असतील तर?

तीन फेज ट्रेफॉइलमध्ये, तिकोनी जुडग्यात, बांधा. शॉर्ट सर्किट झाल्यावर त्या एकमेकींना प्रचंड जोराने ढकलतात. त्यासाठी आयईसी ६१९१४ प्रमाणे तपासलेले क्लीट, म्हणजे केबल पकडणारे क्लॅम्प, लागतात आणि तो जोर सपोर्टलाही पेलावा लागतो. एकाच केबलभोवती लोखंडी क्लॅम्पची बंद कडी करू नका, ती तापते.

ट्रेवर पाय ठेवून काम केलं तर काय बिघडतं?

ट्रे माणसाच्या वजनासाठी बनवलेला नसतो आणि पाय नेमका स्पॅनच्या मध्यावर पडतो. हार्नेसचा हूकही ट्रेला किंवा त्याच्या सपोर्टला अडकवू नये. वेगळी लाइफलाइन लावा. उंचीवर काम करणाऱ्या कामगारांसाठी मचाण किंवा बूम लिफ्ट हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा, तो नंतर मागितला तर मिळत नाही.

भिंतीतून ट्रे नेताना?

फायर वॉल असेल तर ट्रे दोन्ही बाजूंना थांबवा, नुसत्या केबल आरपार न्या आणि फट फायर सीलने भरा. आगीत एका बाजूचा ट्रे कोसळला तर त्याने सील ओढून काढू नये, म्हणून भिंतीच्या दोन्ही बाजूंना जवळच सपोर्ट लागतो.

सपोर्टचं बिल किलोवर द्यावं की मीटरवर?

किलोवर दिलं की लोखंड गरजेपेक्षा जड होतं, एकरकमी दिलं की ते पातळ होतं. आमचा सल्ला असा: सपोर्टचे प्रकार ड्रॉइंगवर नंबर देऊन काढा, प्रत्येकाचं वजन तिथेच लिहा आणि नगावर दर मागवा. मग मोजमाप सोपं होतं आणि साइटवर वाद उरत नाही. टेंडरमध्ये ‘गरजेनुसार सपोर्ट’ ही ओळ आली की समजा, सपोर्टचं डिझाइन कुणीच केलेलं नाही.

चालू कारखान्यातल्या जुन्या ट्रेवर नव्या केबल टाकायच्या आहेत. काय तपासायचं?

आधी ट्रेतल्या केबल मोजा, बंद झालेल्या ओळखून शक्य तितक्या काढून टाका. जुन्या कारखान्यात यानेच बरीच जागा मिळते. मग मीटरला नवं वजन काढून मूळ ड्रॉइंगशी ताडून बघा. ड्रॉइंग नसेल तर सपोर्टचं अंतर टेपने मोजा आणि दोन सपोर्टमध्ये दोरी ताणून मध्यावरचा झोळ बघा. स्पॅनच्या शंभराव्या भागाच्या जवळ तो आला असेल, म्हणजे दीड मीटरला १५ मिमी, तर त्या ट्रेत आता एकही केबल टाकू नका. दर दोन सपोर्टच्या मधे एक नवा सपोर्ट द्या किंवा वेगळी रांग काढा. फास्टनरपाशी काँक्रीटला केसाएवढी चीर, वॉशरखाली गंजाचा ओघळ, तिरका झालेला रॉड यांचे फोटो काढून नंबर टाका. अशा सपोर्टची दुरुस्ती केबल ओढण्याआधी झाली पाहिजे, कारण भरलेल्या ट्रेखालचा सपोर्ट बदलायचा म्हणजे प्लांटचं शटडाउन घ्यावं लागतं.